सासूबाई म्हणतात, मुंबईवर जपानने बॉम्ब टाकला

पत्राचा सारांश : राजापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरात त्या, त्यांचे यजमान आणि ९१ वर्षांच्या सासूबाई. मुलगा पुण्याला नोकरी करतो. सासूबाईंचं बालपण मुंबईत, डोंगरीच्या बाजूच्या एका चाळीत गेलं. वडील गोदीत हमालीला होते. लढाईच्या काळात ‘जपानने बॉम्ब टाकला’, त्यात वडील गेले आणि आई पोरांना घेऊन आगबोटीने गावी आली ती कायमची, एवढंच त्या आजवर सांगत आल्या. मुलगा यंदा घराण्याची पुस्तिका काढतो आहे, गणपतीत भावकीला वाटण्यासाठी. आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करताना तो म्हणाला, ‘आजी, मुंबईवर जपानने कधी बॉम्ब टाकलाच नव्हता. बोटीला आग लागली होती. नेटवर सगळं आहे.’ आजी म्हणाल्या, ‘मग माझा बापूस काय खोटाच मेला?’ आणि उठून आत गेल्या. तेव्हापासून तो विषय बंद. त्यात २०२५ च्या मे महिन्यात टीव्हीवर भोंगे ऐकल्यापासून त्या तिन्हीसांजेला खिडक्यांवर गोधड्या टाकतात, पडवीतला दिवा लावू देत नाहीत, जवळच्या खाणीत सुरुंग उडाला की देवघरात जाऊन बसतात. यजमानांच्या मते हा वयाचा भ्रमिष्टपणा आहे. ताईंनी विचारलं आहे : त्यांना खरं काय ते नीट समजावून सांगावं का? पुस्तिकेत काय छापावं? आणि सगळं एकदा बोलून टाकलं तर त्या मोकळ्या होतील का?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. ‘(आभाळातून पेटलेला कापूस पडत होता, असंही काहीबाही सांगतात.)’ ते काहीबाही नाही. आधी त्याबद्दलच बोलू.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं मालवाहू जहाज लागलेलं होतं. इंग्लंडहून निघून कराचीमार्गे दोनच दिवसांपूर्वी आलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, आणि त्याच पोटात कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. धोक्याचा माल असल्याचं तांबडं निशाण काही जहाजावर नव्हतं. दुपारी कापसाने पेट घेतला. बंबवाले पाणी मारत राहिले, आग हटेना, आणि चार वाजून सहा मिनिटांनी जहाज उडालं. साधारण अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. जळत्या गासड्या आणि तापलेलं लोखंड आसपासच्या वस्तीवर येऊन पडलं, बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, शिमल्याच्या भूकंपमापकावर हादऱ्याची नोंद झाली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले; १४ एप्रिलपासून दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. एकूण किती माणसं गेली याचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत जातात. जवानांची मोजणी होते, गोदीतल्या रोजंदारीच्या हमालाची होत नाही, हे त्या दोन आकड्यांमधलं अंतरच सांगतं. त्या जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. या स्फोटाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण त्या सोन्यातच रमतात. असो.

आता मला सांगा, विमानातून बॉम्ब पडला असता तर आभाळातून कापूस कुठून आला असता?

सासूबाईंनी जे डोळ्यांनी पाहिलं ते नेमकं तसंच घडलेलं आहे. दहा वर्षांच्या मुलीला जहाजात काय भरलंय हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरी ऐंशी वर्षांनी त्या कापूसच सांगतात. तुमच्या मुलाने नेटवर जे वाचलं त्याला साक्षीदार हवा असेल तर तो घरातच बसला आहे. चूक आहे ती एका नावाची, ‘जपान’ या नावाची. आणि ते नाव काही त्यांनी ठेवलेलं नाही.

तेव्हाची मुंबई काय होती बघा. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्ता. पुढची पाळी मुंबईची, असं धरूनच लोक चालले होते. खिडक्यांना काळे कागद, काचांवर चिकटपट्ट्या, भोंग्याच्या तालमी, उजेडाची फट दिसली की खालून ओरडणारे वॉर्डन. कित्येक चाकरमान्यांनी बायकापोरं आधीच गावी आणून सोडली होती. दोन-अडीच वर्षं ज्याची धास्ती घेतली ते एका संध्याकाळी आभाळातून खरोखर कोसळलं, तर माणसं त्याला दुसरं काय म्हणणार? वर सरकारने बातमी दाबून धरली. जपानच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली, आणि इथल्या बातमीदारांना ती पाठवायची परवानगी मिळायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. तोवर नवरा गमावलेली बाई पोरांना घेऊन पडावातून किनाऱ्याला उतरली असेल, वाडीत चार जणांना तिने काय झालं ते सांगितलंही असेल. गावात तिला दुरुस्त करणारं कोण होतं?

म्हणून ‘मुंबईवर जपानने बॉम्ब टाकला’ हे इतिहास म्हणून चूक आहे, पण त्या संध्याकाळी मुंबईला काय वाटलं याचा तो अगदी खरा पुरावा आहे. तो नेटवर इतका सहज मिळत नाही.

तुम्ही लिहिता, ‘मुलगा बरोबरच बोलला, फक्त बोलायची पद्धत चुकली.’ मला हे अर्धंच पटतं. माहिती त्याची बरोबर होती, पण आजी वेगळंच काही सांगत होत्या. बॉम्ब कुणी टाकला हे त्याने तपासलं. त्या सांगत होत्या की बाप संध्याकाळी घरी आला नाही. शत्रूने मारलं म्हटलं की निदान शिव्या घालायला कुणीतरी असतं. चौकशीत तो अपघात ठरला, म्हणजे कुणाच्या तरी हलगर्जीपणाने बाप गेला. कुणाच्या, तेही कळत नाही. नातवाने एका वाक्यात तो शत्रू काढून घेतला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. ‘माझा बापूस काय खोटाच मेला?’ हा रागाचा फटकारा नव्हता ताई, तो सरळ प्रश्न होता. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मुलाला मात्र रागावू नका. तो निदान मोबाइल घेऊन समोर बसला. तुम्ही लग्न होऊन या घरात आलात त्याला तीस वर्षं होऊन गेली असं लिहिता. एवढ्या वर्षांत, अमुक एका चाळीत राहायचो, यापुढे कुणी काही विचारलं नाही. सासरी आलेल्या बाईचं माहेरचं दुःख विचारायची आपल्याकडे रीतच नाही. तुमचंही कुणी विचारलं नसेल.

उत्तर द्यायचं ते त्यानेच, फोनवरून न देता घरी येऊन. शब्द त्याचे त्याने निवडावेत, मतलब असा : ‘आजी, तुझा बापूस लढाईतच गेला. ती बोट लढाईचा दारूगोळा घेऊन आली होती, तो फुटला. तू कापूस पडताना पाहिलास ना, तो त्या बोटीतलाच.’ यात खोटं काहीही नाही. लढाई नसती तर ते जहाज तसा माल भरून त्या गोदीत आलंच नसतं. त्यांनी पुढे विचारलं, ‘मग जपान?’ तर सांगावं, ‘तेव्हा सगळ्या मुंबईला तसंच वाटलं होतं.’ आणि गप्प राहावं. नाही विचारलं तर तो विषय काढू नये. तांबडं निशाण, चौकशी, हलगर्जीपणा हे सगळं ९१ व्या वर्षी कुणाच्या पुढ्यात न मागता वाढायचं कारण नाही. मागितलं तर लपवायचंही कारण नाही.

पुस्तिकेचं मग सोपं होतं. आजीचं बोलणं त्यांच्याच बोलीत, ‘बापूस’ला ‘वडील’ न करता, ‘जपान’सकट छापा. खाली बारीक टायपात चार ओळींची टीप : तारीख, जहाजाचं नाव, बातमी कशी दाबली गेली ते. टीप लिहिताना ‘वस्तुतः’ आणि ‘मात्र’ हे शब्द टाळायला सांगा त्याला; ते आले की टीप आजीवर डोळे वटारते. एवढं मात्र त्याने जरूर करावं : आजीने स्वतः काय पाहिलं आणि आईकडून, शेजाऱ्यांकडून काय ऐकलं, हे वेगळं ठेवावं. वडील पहिल्या स्फोटानंतर माणसं काढायला आत धावले आणि दुसऱ्यात सापडले, असं त्या म्हणतात. शक्य आहे, मधे अर्धा तास होता. पण दहा वर्षांची मुलगी तिथे नव्हती, हे तिला कुणीतरी सांगितलं. आईने सांगितलं असेल तर तसं लिहावं. नवरा कसा गेला हे एका बाईने पोरांना कोणत्या शब्दांत सांगितलं, तेही घराण्याच्या पुस्तिकेत यायला हरकत नाही. आणि छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा. त्या म्हणाल्या हे नको, तर ते नको.

आता संध्याकाळच्या गोधड्या. इथे मला तुमच्या यजमानांशी थोडं भांडायचं आहे आणि थोडं त्यांचं ऐकायचंही आहे.

भांडायचं ते ‘भ्रमिष्ट’ या शब्दावरून. ब्लॅकआउटच्या घरात उजेड झाकायचं काम कुणाचं असणार? माझा अंदाज, पोरांचंच. मे महिन्यात देशभर नागरी संरक्षणाच्या तालमी झाल्या, त्यांच्या यादीत आपला रत्नागिरी जिल्हाही होता. वाहिन्यांनी तर बातम्यांच्या मागे भोंगे इतके वाजवले की कार्यक्रमांत तो आवाज वापरू नका, असं सरकारला त्यांना सांगावं लागलं. ओळखीचा भोंगा वाजला आणि सासूबाई लहानपणी शिकवलेल्या कामाला लागल्या. ज्या बाईला अजून घरातल्या सगळ्यांची नावं, एकादशी कधी आहे, आंब्याचे पैसे कुणाकडून यायचे आहेत हे आठवतं (तुम्हीच लिहिलंय), तिला एकदम वेड्यात काढू नये.

ऐकायचं ते डॉक्टरचं. वागणं बदललं आहे आणि ते थोड्या महिन्यांत बदललं आहे, म्हणून दाखवायलाच हवं. या वयात लघवीच्या जागेचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, नीट न येणारी झोप, यांनीही माणूस बावचळतो, आणि ही सगळी उपाय असलेली कारणं आहेत. कानही तपासून घ्या. कमी ऐकू येणाऱ्याला अचानक आलेला मोठा आवाज जास्त हादरवतो. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, मग गरज पडली तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात. डॉक्टरांना ‘आई विचित्र वागते’ एवढंच सांगू नका. दहाव्या वर्षी स्फोटात वडील गेले, भोंग्यांनंतर हे सुरू झालं, हे आधी सांगा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे. रोज संध्याकाळी काळोखात जेवण करणाऱ्या सुनेचा जीवही कासावीस होतो, त्याची लाज वाटायला नको.

तोवर गोधड्या टाकू द्या. माजघरापासून मोरीपर्यंत मात्र झिरोचा दिवा हवाच, ते मान्य करून घ्या. ‘आतला उजेड बाहेर दिसत नाही, मी बघून आले’ असं खरोखर अंगणात जाऊन, बघून सांगा. या वयात काळोखात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर ते अंथरूण सुटणं कठीण. बातम्या दुपारी बघा, किंवा आवाज बंद ठेवून बघा. आणि खाणीत सुरुंग किती वाजता लावतात ते सरपंचांमार्फत विचारून घ्या. वेळ कळली की आधी दहा मिनिटं जाऊन सांगायचं, ‘आई, आता सुरुंग लागेल हां.’ सांगून आलेला आवाज आणि न सांगता आलेला आवाज यांत केवढा फरक असतो, ते खाणीजवळ राहणाऱ्या कुणालाही विचारा.

तुमचा तिसरा प्रश्न, बोलून मोकळं होण्याचा. माणूस बोलला की मोकळा होतो, हे आपण फार सहज धरून चालतो. कुणी होतो. कुणी बोलून झाल्यावर चार रात्री झोपत नाही. आणि त्या आजवर बोलल्या नाहीत म्हणजे आतल्या आत कुढत होत्या, असंही नसेल. पोरं वाढवायची होती, शेत होतं, कामं होती. तेव्हा ‘सगळं एकदा बोलून टाका’ असा कार्यक्रम ठेवू नका. दुपारच्या चहानंतर, उजेडात, पंधरा-वीस मिनिटं. मोबाइल तोंडासमोर धरू नका, बाजूला ठेवा आणि ठेवलाय हे सांगा. मरणाबद्दल तुम्ही विचारू नका, ते यायचं तर आपोआप येईल. मुंबईत १९४३ मध्ये रेशन सुरू झालं. रांगेत कोण उभं राहायचं ते विचारा. मधे भोक असलेला पैसा तेव्हाच निघाला होता, तो आठवतो का. नळाला पाणी किती वाजता यायचं. गावचं कोण कोण त्याच खोलीत पथारी टाकायचं. चाळीच्या खाली रात्री काय विकायला यायचं. शहर असं उलगडत जातं, आणि त्यातच एखाद्या दिवशी त्या स्वतः गोदीपाशी येतील. नाही आल्या तरी दहा वर्षांच्या मुलीची मुंबई तुमच्या हाती लागेल, आणि ती तुम्ही आजवर कधी मागितलेली नाही.

असा प्रश्न फक्त तुमच्याच घरातला नाही, म्हणून इतरांसाठीही लिहिते. रत्नागिरी-रायगडात कितीतरी घरांत १९९० सालचा कुवेत आहे. इराकी सैन्य घुसल्यानंतर अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आणले, त्यांत आपल्या खाडीकाठच्या गावांतलेही होते. ते आज साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांची मुलं ‘अब्बा काही बोलत नाहीत’ म्हणतात. डिसेंबर १९७१ चा ब्लॅकआउट अनुभवलेले तर अनेक घरांत असतील. त्यांच्या सांगण्यात तारखा सरकतील, दोन प्रसंग एकात मिसळतील, ऐकलेलं पाहिलेलं म्हणून येईल. ते बोलत असताना मोबाइल उघडून तपासू नका. तपासायचं ते नंतर, आणि तपासून झाल्यावर ‘बघा चुकलात’ म्हणायच्या आधी, ते कुठे बरोबर होते हे शोधा. बहुतेक वेळा ते एखाद्या वासात, आवाजात, पडणाऱ्या कापसात सापडतं.

शेवटी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही. एवढ्या लांबलचक पत्रात सासूबाईंच्या वडिलांचं नाव कुठेच आलेलं नाही. मुलगा काढतोय ती पुस्तिका तुमच्या भावकीची. त्या वंशावळीत आजीचा बाप बसतच नाही, तो माहेरचा. म्हणजे ज्यांच्या मरणावरून एवढा वाद झाला त्यांना त्या पुस्तिकेत जागाच नाही. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र पान काढायला मुलाला सांगा : नाव, गाव, गोदीत कुठलं काम करायचे. थोडी शोधाशोध त्याने करावी. सासूबाईंचा शाळेचा दाखला असेल तर गावच्या शाळेत नाव कुठल्या साली घातलं ते कळेल, म्हणजे मुंबई कधी सुटली ते कळेल. मुंबईत गावच्या मंडळाची खोली असेल तर तिथलं जुनं दप्तर. महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख खातं आहे, तिथे त्या काळचे कागद बघायला मिळतात. आणि माहेरी भाचे असतील तर त्यांना विचारा, आजोबांचा म्हाळ कुठल्या तिथीला घालतात. १४ एप्रिल १९४४ म्हणजे चैत्र वद्यातली षष्ठी-सप्तमी येते. त्या आसपासची तिथी निघाली तर तारीख जुळली. चतुर्दशीला घालत असतील तर शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची ती तिथी, आणि घरच्यांनी तेव्हा काय मानलं होतं तेही कळेल. हे विचारायला सासूबाईंनाच सोबत घेऊन जा. माहेरी जायला त्या नाही म्हणणार नाहीत.